पाणी न मिळालेला राजा

रंगभूमीवर देव आणणे सोपे, भूत आणणे अवघड, असे आमचे मत दिवसेंदिवस दृढ होत चालले आहे. देवाला मुकुट, शंखचक्र आणि थोडा गुलाल पुरतो. प्रेक्षक हात जोडतो आणि उरलेले काम त्याची श्रद्धाच करून टाकते. भुताचे तसे नाही. ते थोडे अधिक दिसले तर पोरेबाळे हसू लागतात, थोडे कमी दिसले तर ते आले केव्हा आणि गेले केव्हा याचा कोणास पत्ता लागत नाही. आणि तरीही जगातील थोर शोकनाट्यांपैकी कितीतरी नाटकांना भुतावाचून चालत नाही. हे असे का असावे, मेलेल्या माणसाला पुन्हा उभे केल्यावाचून जिवंतांचे दुःख का सांगता येऊ नये, हा प्रश्न आम्हांस बरीच वर्षे पडलेला आहे. त्याचे थोडेबहुत उत्तर आम्हांस सापडले ते सुरतेजवळच्या हजिऱ्यास. म्हणून हा लेखनप्रपंच.

शोकनाट्य आणि प्रेतात्मा यांचा ऋणानुबंध फार जुना आहे. इसवी सनापूर्वी ४७२ मध्ये ईस्किलस या ग्रीक नाटककाराने 'पर्शियन्स' हे नाटक रंगभूमीवर आणले. पर्शियाचे सैन्य बुडाले आहे, राजमाता व्याकूळ आहे, आणि ती आपल्या दिवंगत पतीच्या थडग्यावर दूध, मध, पाणी व मद्य यांचे अर्घ्य देते. त्या अर्घ्याने संतुष्ट होऊन दरायस राजाचा आत्मा वर येतो, पुत्राच्या उद्दामपणास दोष देतो आणि उपदेश करून परत जातो. पुढे इसवी सनापूर्वी ४५८ मध्ये याच कवीने दुसरे भूत आणले. पुत्राच्या हातून मारल्या गेलेल्या राणी क्लायटेम्नेस्ट्राचे ते भूत. तिला अर्घ्य नाही, मान नाही; ती येते ती झोपलेल्या सूडदेवतांना डिवचून जागे करण्यासाठी. ज्याला पाणी मिळाले ते भूत उपदेश करिते, आणि ज्याला पाणी मिळाले नाही ते रक्त मागते! पुढल्या अडीच हजार वर्षांत पाश्चात्त्य रंगभूमीवर जी जी भुते आली, त्यांतील बहुतेकांची सोयरीक या दोहोंपैकी एकाशी जुळते असे आम्हांस वाटते.

आपल्या संस्कृत रंगभूमीने हा मार्ग चोखाळला नाही. भरतमुनींच्या परंपरेत रंगपीठावर मृत्यू दाखविणेच वर्ज्य. तेव्हा शोकान्त नाटक नाही आणि शोकान्तातील भूतही नाही. तथापि भयाची आणि शोकाची जाण मात्र भरतांस किती सूक्ष्म होती पाहा! भयानक रसाची देवता त्यांनी काल ही सांगितली आणि करुण रसाची देवता यम. दोन्ही रसांचे अधिपती एकाच दारापाशी उभे आहेत. भूत दिसताच आपण प्रथम भितो आणि मग, ते कोणाचे आहे हे कळताच, कळवळतो. जो नट प्रेक्षकाला पहिल्या भावातून दुसऱ्या भावात नेऊ शकत नाही त्याने भुताचे सोंग घेऊ नये हेच बरे.

भवभूतीने तर या बाबतीत दोन धडे घालून दिले आहेत. 'मालतीमाधवा'च्या पाचव्या अंकात माधव स्मशानात जातो आणि तेथील पिशाचांचे वर्णन स्वतःच्या तोंडाने करितो. पाहणारा डोळा आणि बोलणारी जीभ मिळाली की पिशाचाला रंगभूषेची गरज उरत नाही, हा पहिला धडा. दुसरा धडा 'उत्तररामचरिता'च्या तिसऱ्या अंकात आहे. सीता गेली असे समजून राम पंचवटीच्या परिसरात विलाप करीत आहे. भागीरथीच्या प्रसादाने सीता तेथेच आहे, पण त्यास दिसत नाही. प्रेक्षकांना ती दिसते, तमसेला दिसते. रामाला केवळ तिचा स्पर्श कळतो आणि तो मूर्च्छेतून सावध होतो. शेक्सपियरच्या 'हॅम्लेट'मध्ये राणीच्या महालातील प्रसंग आठवावा. तेथे पित्याचे भूत पुत्राला दिसते आणि मातेला दिसत नाही. पुत्र वेडा झाला अशीच तिची समजूत होते. एकीकडे न दिसणारी प्रिया सांत्वन करिते, दुसरीकडे एकालाच दिसणारा पिता जखम पुन्हा उघडी करितो. युक्ती एकच, परंतु दोन संस्कृतींनी ती किती निराळ्या कामाला लाविली!

आता हजिऱ्याचा आणि हॅम्लेटचा संबंध काय, असे वाचक विचारतील. तो आहे, आणि वाटतो त्याहून जवळचा आहे. हजीरा म्हणजे तापीच्या मुखाचा उत्तर काठ. आज तेथे वायू, खत आणि पोलाद यांचे अवाढव्य कारखाने उभे आहेत. रात्री चिमण्यांच्या ज्वाला खाडीच्या पाण्यात लालसर थरथरताना दिसतात. जवळच सुवाळीचा किनारा आहे. सतराव्या शतकात इंग्रजांची जहाजे तेथे नांगर टाकीत. १६०७ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या तिसऱ्या सफरीत 'रेड ड्रॅगन' आणि 'हेक्टर' ही जहाजे हिंदुस्थानाकडे निघाली. 'ड्रॅगन'चा कप्तान विल्यम कीलिंग, 'हेक्टर'चा विल्यम हॉकिन्स. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर सिएरा लिओन येथे जहाजे थांबली असता कीलिंगच्या खलाशांनी डेकवर 'हॅम्लेट'चा प्रयोग केला, आणि पुढे १६०८ च्या मार्चमध्ये हॉकिन्सला जेवावयास बोलावून पुन्हा केला, अशी नोंद कीलिंगच्या रोजनिशीत असल्याचे सांगतात. रोजनिशीचे ते मूळ पान आज उपलब्ध नाही. एकोणिसाव्या शतकात छापलेल्या उताऱ्यावरच हा वृत्तांत उभा आहे, आणि काही पंडितांनी तो बनावट ठरविला आहे. पण त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये हॉकिन्सचे 'हेक्टर' तापीच्या मुखाशी येऊन उभे राहिले हे निर्विवाद आहे. आणि खुद्द 'रेड ड्रॅगन' १६१२ च्या अखेरीस थॉमस बेस्टच्या हाताखाली सुवाळीपुढे पोर्तुगीजांशी लढले हेही निर्विवाद आहे. नोंद खरी असेल तर डेन्मार्कच्या राजाचे भूत पाहिलेला मनुष्य, शेक्सपियर हयात असतानाच, आमच्या या खाडीत येऊन पोहोचला होता!

भुतांना येथे सोबतही कमी नव्हती. खाडीपलीकडे डुमसचा काळ्या वाळूचा किनारा आहे. तेथे पूर्वी स्मशान होते म्हणतात आणि रात्री हाका ऐकू येतात अशा गोष्टी सुरतेत घरोघर सांगितल्या जातात. नदीच्या वरच्या अंगास सुरत शहरात अश्विनीकुमारचा घाट आणि तीन पानांचा वड. लोककथा अशी की, कर्णाने अखेरच्या घटकेस श्रीकृष्णाजवळ मागितले, जेथे कोणाचेही दहन झाले नाही अशा भूमीवर मला अग्नी द्या. श्रीकृष्णाने अशी भूमी शोधली ती तापीच्या काठी. तापी सूर्याची कन्या, म्हणजे कर्णाची बहीणच. जन्मतः नदीत सोडलेल्या त्या मुलाला अखेरीस नदीनेच पोटाशी घेतले. ही कथा व्यासांच्या ग्रंथातली नव्हे, परंतु ती ज्या कोणी प्रथम सांगितली त्यास शोकनाट्य म्हणजे काय हे पुरते ठाऊक होते.

मराठीत 'हॅम्लेट'चे भूत प्रथम आणले ते कोणी, हे लक्षात घेतले म्हणजे मोठे कौतुक वाटते. भुताखेतांवर ज्यांचा काडीइतका विश्वास नव्हता त्या गोपाळ गणेश आगरकरांनी! १८८२ साली कोल्हापूर प्रकरणात टिळकांसह त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. त्या कोठडीत 'हॅम्लेट' त्यांच्या सोबतीला होता. पुढे ते भाषांतर 'विकारविलसित' या नावाने प्रसिद्ध झाले. नावातच त्यांचा अर्थ आला आहे. नाटक चालते ते मनाच्या विकारांच्या बळावर, पिशाचाच्या बळावर नव्हे, असा त्यांचा अभिप्राय आम्ही समजतो. तरीही त्यांनी भूत गाळले नाही. ज्या गृहस्थाची पुण्यातील सनातन्यांनी जिवंतपणीच प्रेतयात्रा काढिली, त्यास जिवंत आणि मृत यांतील सीमारेषा समाज किती सहज पुसतो हे वेगळे शिकविण्याची गरज नव्हती. पुढे शाहूनगरवासी नाटक मंडळीच्या गणपतराव जोशी यांनी ही भूमिका महाराष्ट्रभर गाजविली. त्यानंतर नाना जोगांनी 'हॅम्लेट' पुन्हा मराठीत आणले, आणि त्यांच्या भाषांतरावरून २०१८ साली चंद्रकांत कुलकर्णी यांनी नव्या थाटात प्रयोग बसविला, त्यात सुमीत राघवन हॅम्लेट होते. शिरवाडकरांनी 'मॅकबेथ'चा 'राजमुकुट' केला. सव्वाशे वर्षांहून अधिक काळ हे परदेशचे राजे आमच्या रंगभूमीवर येत आहेत आणि आम्ही त्यांस परके मानीत नाही.

भूत दाखवावे कसे, यावर विलायतेतही कमी वाद झाले नाहीत. 'मॅकबेथ'मधील बँकोचे भूत मेजवानीच्या खुर्चीवर येऊन बसल्याचे सायमन फोरमन नावाच्या प्रेक्षकाने १६११ साली लिहून ठेवले आहे. पुढे १७९४ साली जॉन फिलिप केंबल या नटाने ते भूत काढूनच टाकले आणि रिकाम्या खुर्चीकडे पाहून भूमिका केली. १८६२ साली लंडनमध्ये पेपर नावाच्या प्राध्यापकाने तिरक्या काचेवरील प्रतिबिंबाने धूसर आकृती उभी करण्याची युक्ती दाखविली, आणि भूत ही जादूगाराची वस्तू झाली. विसाव्या शतकात वारे उलटे फिरले. १९६४ साली रिचर्ड बर्टनच्या प्रयोगात भूत म्हणजे भिंतीवरची एक छाया आणि जॉन गिलगुड यांचा आवाज एवढेच होते. १९८० साली जोनाथन प्राइस या नटाने तर तेही ठेवले नाही; पित्याचे शब्द पुत्राच्याच पोटातून, अंगात आल्यासारखे, बाहेर पडले. हे वाचून आमच्या कानडा किनाऱ्यावरच्या वाचकांस नवल वाटणार नाही. भूतकोल ज्यांनी पाहिला आहे त्यांस ठाऊक आहे की तेथे 'भूत' हा शब्दच आदराचा आहे. ते दैवत पात्राच्या अंगात येते आणि गावाचा न्यायनिवाडा करिते. गोमंतकातील देवचारही राखणदारच. रात्रीच्या प्रहरी घोंगडी-काठीनिशी शीव राखणारा तो. त्यास रोट, विडी, सुरो द्यावी आणि त्याची वाट सोडून चालावे. चिलखत घालून मध्यरात्री तटावर येरझारा घालणारा डेन्मार्कचा राजा पाहून लंडनच्या प्रेक्षकास काय वाटत असेल ते असो. पेडण्याच्या म्हाताऱ्यास तो प्रथमदर्शनी देवचारच वाटेल.

परंतु तो देवचार नव्हे. तो प्रेत आहे, आणि हाच या नाटकाचा गाभा आहे. झोपेत असताना, अखेरचे कोणतेही धर्मसंस्कार न होता आपणांस मारण्यात आले, अशी त्याची मुख्य तक्रार आहे. या एका सूत्राने सारे नाटक तपासून पाहावे. राजाचे सुतक संपण्याच्या आत राणीचे लग्न लागले आणि मृताच्या अन्नावर मंगलकार्याची पंगत उठली. प्रधान मारला गेला तर त्यास घाईघाईने, लपवून पुरले. त्याच्या मुलीला बुडून मरण आले तर धर्मगुरूने विधी अर्ध्यावर आटोपले आणि भावाने खड्ड्यात उडी घेऊन भांडण मांडले. कबरी खणणारे जुन्या कवट्या बाहेर फेकीत आहेत. एकाही मृताला धड निरोप मिळत नाही! 'हॅम्लेट' हे सूडाचे नाटक म्हणून प्रसिद्ध आहे. आम्हांस ते खुंटलेल्या अंत्येष्टीचे नाटक वाटते. आणि शेवटी चार सरदारांनी हॅम्लेटचा देह सन्मानाने उचलला, तोफा डागल्या, तेव्हा कुठे त्या नाटकातील पहिला यथासांग अंत्यविधी पार पडतो.

शेक्सपियरच्या देशात त्या काळी असे नाटक सुचावे यास कारणही होते. इंग्लंडमध्ये धर्मक्रांती झाल्यावर १५४७ च्या कायद्याने मृतांसाठी प्रार्थना करण्याच्या धर्मादाय संस्था बंद झाल्या. मेलेल्या बापासाठी मुलाने काही करावे ही सोयच उरली नाही. स्टीफन ग्रीनब्लाट या अमेरिकन अभ्यासकाने २००१ साली यावर एक ग्रंथच लिहिला आहे. आमच्या समाजास हे समजावून सांगावे लागणार नाही. १५६० साली गोव्यात इन्क्विझिशन आले, देवळे पडली, हिंदू विधींवर निर्बंध आले, आणि श्रीमंगेशास कुठ्ठाळीहून नदीपार प्रियोळास न्यावे लागले. देव नेता आले. पण मागे राहिलेल्या पितरांचे काय, ही रुखरुख त्या पिढ्यांनी कशी सोसली असेल? लंडनच्या लाकडी नाट्यगृहातील प्रेक्षक आणि झुवारीच्या काठी अंधारात होडीची वाट पाहणारा आपला पूर्वज हे एकाच शतकातले, आणि काही अंशी एकाच दुःखातले होते.

हे सारे विचार आमच्या मनात स्पष्ट झाले ते एका साध्या प्रसंगाने. हजिऱ्याच्या एका कारखान्याच्या वसाहतीत आमचे काही काळ वास्तव्य होते. रत्नागिरी, सावंतवाडी, गोवे, कारवार अशा ठिकाणची मराठी आणि कोंकणी कुटुंबे तेथे एका गणपतीभोवती जमत. २०२२ च्या उत्सवात तरुण मंडळींनी 'हॅम्लेट'मधील भुताचा प्रवेश सोप्या मराठीत उतरवून करावयाचे ठरविले. त्यास एका वृद्ध माईंनी हरकत घेतली. श्रींच्या पुढे प्रेताचे सोंग नको, असे त्यांचे म्हणणे. कोणीतरी दशावताराचा दाखला दिला; जत्रेत देवळासमोर संकासूर नाचतो ते चालते ना? माई म्हणाल्या, असुराला देवाच्या हातून मुक्ती मिळते. प्रेत मुक्त झालेले नसते. हा भेद इतका अचूक होता की त्यावर कोणास उत्तर सुचले नाही. आम्हांस विचारले तेव्हा आम्हीही माईंचाच पक्ष घेतला. मग उत्सव झाला, पितृपक्ष गेला, नवरात्र गेले आणि ९ ऑक्टोबरला, कोजागरीच्या रात्री, वसाहतीच्या गच्चीवर प्रयोग ठरला. 'को जागर्ति' असे विचारीत लक्ष्मी फिरते ती ही रात्र. आणि नाटकही पहारेकऱ्याने अंधारात घातलेल्या हाकेनेच उघडते. योग चांगला होता.

राजपुत्राचे काम करणारा तळकोकणातला एक तरुण अभियंता होता. तालमीत प्रथम पांढरी चादर, हिरवा दिवा आणि धूर असा सरंजाम होता, आणि मुले खो खो हसत होती. तो मात्र हसत नव्हता. एके रात्री तालीम संपल्यावर त्याने आम्हांस आपली हकीकत सांगितली. २०२१ च्या एप्रिलात त्याचे वडील गावी साथीत गेले. त्या दिवसांत हजिऱ्याच्या कारखान्यांतून रुग्णालयांसाठी प्राणवायू जात होता आणि त्याची पाळी त्याच कामावर होती. रजा मागावी तर कोणाच्या तरी बापाचा श्वास अडकावयाचा. अग्नी चुलत भावाने दिला. दहाव्या दिवसाचा विधी याने दूरध्वनीच्या पडद्यावर पाहिला. पिंडाला कावळा बराच वेळ शिवेना. भावाने, काकांनी नाना प्रकारची वचने दिली. आईला सांभाळू, घर विकणार नाही, बहिणीचे लग्न करू. अखेर कावळा आला. पण त्याच क्षणी चित्र थांबले, आवाज गेला, आणि कोणत्या वचनावर कावळा आला हे त्यास कळलेच नाही. भावालाही नेमके आठवत नव्हते. "काका, मला हॅम्लेटचा हेवा वाटतो," तो म्हणाला, "त्याच्या वडिलांनी निदान सांगितलं तरी काय हवं ते."

त्या वाक्यापुढे आमचे सारे पुस्तकी पांडित्य फिके पडले. दुसऱ्या दिवसापासून चादर गेली, धूर गेला. भुताचे काम करणारे निवृत्त गृहस्थ गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीमागे साध्या सदऱ्यात उभे राहून, आवाज न चढविता, घरातला वडील मनुष्य जसा बोलेल तसे बोलू लागले. प्रयोगाच्या रात्री दिवे मालविले. चांदणे होते आणि दूर कारखान्याची ज्वाला. प्रेक्षकांस भूत दिसलेच नाही; ऐकणाऱ्या मुलाचा चेहरा दिसला. भय आले ते त्या चेहऱ्यावरून आले, आणि करुणही तेथूनच. पित्याने आपले स्मरण ठेवण्यास बजावून निरोप घेतला तेव्हा मुलाने पाठ्यात नसलेली एक गोष्ट केली. तो हात पुढे करून, ओंजळ धरून, क्षणभर तसाच उभा राहिला.

दूध वाटले जात असता माईंनी त्यास जवळ बोलाविले. "पुता, त्या राजाक मागीर कोणें उदक दिलें?"

"कोणेंच दिलें ना, माई."

"म्हणून तें तशें जालें," माई म्हणाल्या आणि त्याच्या हातात दुधाचा पेला दिला. चारशे वर्षांत या नाटकावर जे ग्रंथ लिहिले गेले त्यांतील कित्येकांचे सार त्या चार शब्दांत आले असे आम्हांस त्या वेळी वाटले, आणि आजही वाटते.

त्या तरुणाच्या हेव्याचा मात्र आम्ही पुढे पुष्कळ विचार केला. हॅम्लेटला पित्याची इच्छा स्पष्ट कळली हे खरे. परंतु त्या स्पष्टपणाने काय साधले? आठ माणसे मेली, राज्य परक्याच्या हाती गेले, आणि स्वतःच्या मर्जीने जगण्याचा एकही दिवस मुलाच्या वाट्याला आला नाही. आपल्या रीतीत मृत मनुष्य बोलत नाही. बोलतात ते जिवंत. पिंडापुढे उभे राहून, कावळ्याकडे पाहत, त्यास काय हवे असेल याचा ते अदमास घेतात आणि एकेक वचन उच्चारतात. त्यात प्रेताच्या इच्छेचा शोध थोडा आणि आपल्या कर्तव्यांची उजळणी फार असते. कोणत्या वचनावर कावळा शिवला हे न कळले तर सर्वच वचने पाळावयाची, एवढेच त्याचे उत्तर. आम्ही हे त्या तरुणास सांगितले. तो काही बोलला नाही. परंतु पुढल्या म्हाळाला तो आईला घेऊन तापीवर गेला होता, असे कळले.

युद्ध संपल्यावर गंगेच्या काठी पांडव आपल्या मृतांस पाणी देत होते, तेव्हा कुंतीने पुढे येऊन सांगितले की कर्णासही द्या, तो तुमचा वडील भाऊ होता. महाभारतातील सर्वांत मोठा शोक आम्हांस त्या क्षणात साठलेला दिसतो. आणि पितृपक्षाच्या लोककथेत हाच कर्ण पुन्हा पृथ्वीवर येतो. स्वर्गात त्यास सोनेच सोने मिळाले, अन्न मिळेना, कारण त्याने आयुष्यभर सोनेच दिले होते. पितरांस अन्न-पाणी कधी दिले नव्हते. पंधरवड्याची मुदत घेऊन तो परत येतो, अन्नपाणी देतो आणि निघून जातो. अन्यायाने मारला गेलेला वीर भूत होऊन आला, आणि त्याने सूड न मागता पंगत वाढली! सूड मागण्याचा अधिकार ज्याला सर्वांत अधिक, त्याच्याकडून लोकांनी हे काम करवून घेतले, यात त्या लोकांचे शहाणपण आहे.

उद्या कोणी मराठी-कोंकणी मंडळी शोकनाट्यातील भूत रंगभूमीवर आणणार असतील तर आमचे त्यांस एवढेच सांगणे आहे. दिव्यांचा आणि धुराचा विचार मागाहून करावा. या मृताचे काय राहून गेले आहे, आणि ते देणे कोणाच्या अंगावर आहे, हे आधी ठरवावे. ते ठरले की भूत आपोआप दिसते, न दाखविताही दिसते. आपल्या तर्पणात अखेरची ओंजळ जे आप्त होते त्यांच्यासाठी असते तशी जे आप्त नव्हते, ज्यांचे मागे कोणीच उरले नाही, त्यांच्यासाठीही असते. माघातल्या भीष्माष्टमीस निपुत्रिक भीष्मास कोणीही पाणी द्यावे अशी रीत आहे. त्या ओंजळीत डेन्मार्कच्या एका राजाला जागा नसेल असे आम्हांस वाटत नाही.